तीन दिवसांत १९ पैकी १४ कोंबड्या गेल्या, उरलेल्या ५ चं काय करू?

माडाखालची
२२ मार्च, सकाळी

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही कुडाळजवळ वाडीत राहतो. परसात गावठी कोंबड्या होत्या, २ कोंबडे, ९ अंड्यावरच्या कोंबड्या आणि अडीच-तीन महिन्यांची ८ पिल्लं, एकूण १९. सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून दोन कोंबड्या आणल्या होत्या, त्यांचीच ही वेल चालत आलेली, बाहेरून फक्त कधी कोंबडा बदलला असेल तेवढाच. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून सगळं मीच बघते, म्हणून जास्त जीव तुटतोय.

झालं असं की शिमग्याला मुंबईची मंडळी येणार म्हणून ह्यांनी आठवडी बाजारातून दोन कोंबडे आणले. एक त्याच रात्री कापला आणि दुसरा पुढच्या रविवारला होईल म्हणून आमच्या खुराड्यातच कोंडला. तिसऱ्या दिवशी तो पिसं फुगवून, मान आत ओढून एका कोपऱ्यात बसला, मला वाटलं नवीन जागा आहे म्हणून बुजलाय. चौथ्या दिवशी मेला. त्यानंतर दोन-तीन दिवस काहीच नाही आणि मग १९ तारखेला सकाळी खुराडं उघडलं तर चार पिल्लं आडवी. बाकीच्यांना हिरवट-पांढरी पाण्यासारखी हगवण, चोच उघडून श्वास घ्यायच्या आणि घशातून घरघर असा आवाज. दुपारपर्यंत आणखी तीन, आणि मग २० आणि २१ ला उरलेल्या. आमचा मोठा कोंबडा काल संध्याकाळी माझ्या हातात गेला.

आता तीन कोंबड्या, एक कोंबडा आणि एक तांबडी तलंग राहिलीये. चौघं बरी दिसतात पण तांबडीची मान पार वळलीये, डोकं पाठीकडे जातं. भुकेली आहे पण तांदळाच्या कणीवर चोच मारायला जाते ती बोटभर बाजूला जमिनीवर आपटते, परत मारते परत चुकते, आणि मग स्वतःभोवती फिरून कलंडते. मी तिला मांडीवर घेऊन भाताचे ओले गोळे चोचीत भरवतेय.

वाडीतले म्हणतात मानमोडी आहे, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी येतेच, काही इलाज नाही. खरंच काही नाही का? तांबडी वाचेल का? आणि गेल्या आठवडाभरातली १४ अंडी तांदळाच्या डब्यात ठेवलीत, एक कोंबडी खुडूक आहे, तिच्याखाली ही अंडी ठेवू का म्हणजे वेल तरी राहील? लसीचं विचारलं तर दुकानदार म्हणाला बाटली १०० कोंबड्यांची येते, पाच कोंबड्यांसाठी कोण घेतं. कृपया लवकर सांगा.

माणदेशी_गडी
२२ मार्च

ताई वाचून वाईट वाटलं. बाकीचं जाणकार सांगतीलच, मी दोन गोष्टी ताबडतोब करायच्या त्या सांगतो. मेलेल्या कोंबड्या कुठं टाकल्यात? ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकल्या असतील तर आजच्या आज उचला, कुत्री आणि कावळे ओढत नेऊन दुसऱ्यांच्या दारात टाकतात आणि रोग तसाच फिरतो. कमरेइतका खड्डा घ्या, खाली चुना, वर चुना, आणि माती दाबून वर दगड ठेवा नाहीतर कुत्री उकरतात.

दुसरं, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवाच. एकदम इतक्या कोंबड्या गेल्या की नुसतं बघून मानमोडी का बर्ड फ्लू ते कुणालाच सांगता येत नाही, तपासणी करावी लागते. २००६ ला नवापूरला आणि २०२१ ला परभणीच्या मुरुंब्याला आधी नुसती मर लागली म्हणूनच कळलं होतं. घाबरवायला सांगत नाही, बहुतेक राणीखेतच, म्हणजे मानमोडीच असेल, पण कळवायचं. आणि आजारी कोंबडी मरायच्या आधी कापून खायची आपल्याकडे पद्धत आहे ती या वेळी अजिबात नको, ताई. सोलताना हात, पाटा, पाणी सगळीकडे लागतं आणि ते पाणी परत परसातच जातं.

परसबाग_भोर
२२ मार्च

आमच्याकडे अशा वेळी हळद, लसूण आणि कांदा वाटून ताकात कालवून देतात. सकाळ-संध्याकाळ द्या. मागे माझ्या चार वाचल्या होत्या त्याच्यावर. पाण्यात थोडा गूळ पण टाका, ताकद राहते.

निवृत्त_स्टॉकमन
२२ मार्च, रात्री

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी-सिंधुदुर्गातच, तेव्हा तुमची वाडी कशी असेल ते डोळ्यापुढे आहे. सविस्तर लिहितो, लांबलं तर वाचून घ्या.

तुम्ही वर्णन केलंय ते राणीखेतचंच आहे, यालाच मानमोडी म्हणतात. मी लांबून शंभर टक्के सांगू शकत नाही, म्हणून वरच्या दादांनी सांगितलं तसं दवाखान्यात कळवा. पण बाजारातला पक्षी येणं, तो जाणं, मधे दोन-तीन दिवस शांतता आणि मग एकदम सगळ्या, हे राणीखेतचं नेहमीचं चालणं. विषाणू अंगात शिरला की लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन दिवस कधी पंधरा. म्हणजे तुम्हाला तो कोंबडा बुजलाय असं वाटलं तेव्हाच सगळ्यांना लागण होऊन गेली होती. त्यात तुमचा दोष नाही, हे मनाला लावून घेऊ नका.

यावर औषध नाही. विषाणूचा रोग आहे, कुठलंही अँटिबायोटिक त्याला मारत नाही. मेडिकलवाला पावडर देईल, ती दुसरा कुठला संसर्ग वर बसू नये म्हणून, तीही डॉक्टरांना विचारून. हळद-लसूण-ताक दिलं तर पोटाला वाईट काही नाही, द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भोरच्या दादा की ताई, राग मानू नका, तुमच्या चार वाचल्या त्या त्यांच्या अंगच्या ताकदीने वाचल्या असणार. गावठीत अशा थोड्या निघतात.

तांबडीचं. मान वळलेली कोंबडी खाल्लं-प्यायलं तर जगू शकते, मी अशा दोन-दोन वर्षं जगलेल्या बघितल्यात. मान कधी सुधारते कधी जन्मभर तशीच राहते. तिला वेगळ्या खोक्यात ठेवा, खाली गोणपाट अंथरा म्हणजे कलंडली तरी लागणार नाही, अंधारी शांत जागा बघा कारण घाबरली की मान जास्त फिरते. दाणे जमिनीवर टाकू नका, खोल वाटीत गच्च भरून ठेवा, म्हणजे चोच चुकली तरी दाण्यातच पडते. बी कॉम्प्लेक्सचे थेंब पाण्यात चालतील. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, त्यात डोकं पडून बुडून मरतात.

ती १४ अंडी उबवायला अजिबात ठेवू नका. रोग अंगात असताना घातलेली आहेत, आणि कवचाला विष्ठा लागलेली असते. पुरून टाका. खुडूक कोंबडीला आत्ता नुसती बसू दे किंवा उठवा. उठवायला नाकात पीस घालणं, पाण्यात बुडवणं असलं काही करू नका, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवस ठेवली की पोटाला गार वारा लागून आपोआप उठते. निदान दीड महिना थांबा. वाचलेल्या कोंबड्या वरून ठणठणीत दिसल्या तरी काही आठवडे त्यांच्या विष्ठेतून विषाणू पडत राहतो, म्हणून तोवर नवी कोंबडी आणायची नाही आणि यांना कुणाला द्यायच्या पण नाहीत.

आता लसीचं, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. दुकानदाराने सांगितलं ते खरं आहे, बाटली १०० डोसांची येते. ती दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उद्या उरलेली वापरू म्हटलं तर ते नुसतं पाणी. म्हणून पाच कोंबड्यांचा माणूस लस घेत नाही, आणि म्हणून वाडीत दरवर्षी रोग येतो. पण तुमच्या वाडीत कोंबड्या पाचच आहेत का? घरं किती आहेत, प्रत्येकाकडे किती आहेत ते मोजा. दहा घरं निघाली तर ८०-१०० पक्षी सहज होतील. बाटली घराची नाही, वाडीची घ्यायची. आणि एकट्या तुमच्या कोंबड्यांना टोचून उपयोगही अर्धाच, कारण गावठी कोंबडी दिवसभर दुसऱ्याच्या परसात चरते.

क्रम असा. पहिल्यांदा सगळ्यांना लासोटा ही थेंबाची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. लहान पिल्लापासून म्हाताऱ्या कोंबड्यापर्यंत सगळ्यांना चालते. आजारी पक्ष्याला द्यायची नाही, पण शेजारच्यांचे अजून निरोगी आहेत त्यांना लगेच द्या, थांबू नका. मग चार आठवड्यांनी आर-टू-बी, ही इंजेक्शनची, पंखाखाली कातडीत अर्धा मिली, फक्त दोन महिन्यांवरच्या पक्ष्यांना. १०० डोसची बाटली ५० मिली सलाइनमध्ये कालवली की अर्धा-अर्धा मिली बरोबर शंभर होतात. ही लस जोरदार आहे, लासोटा न देता थेट टोचली किंवा लहान पिल्लाला टोचली तर लसच बाधते. टोचल्यावर आठवडाभर अंडी कमी होतात, त्याला घाबरू नका. आर-टू-बीलाच मुक्तेश्वर म्हणतात, कारण ती तिकडे उत्तराखंडातल्या कुमाऊंत मुक्तेश्वरला तयार झाली. राणीखेत गाव पण त्याच डोंगरांत आहे, रोगाचं नाव त्या गावावरून पडलं.

पुढे नवीन पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी. लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलं तर लस चांगली लागू पडते.

माडाखालची
२९ मार्च

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं उत्तर मी ह्यांना आणि शेजारच्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं.

दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले, नमुने घेऊन गेले, राणीखेतच निघाला. मेलेल्या आम्ही आधी माडाच्या आळ्यात पुरल्या होत्या पण खड्डा वरवरचा होता, मग ह्यांनी परत खोल करून चुना घातला. आणि त्या १४ अंड्यांचं मात्र खरं सांगते, पुरताना रडू आलं. तांदळाच्या डब्यात अंडी ठेवायची सवय सासूबाईंची, एकेका अंड्यावर कोळशाने तारखेची खूण करायच्या, मी पण तशीच करत होते. पण पुरली.

वाडीत मी आणि शेजारच्या काकूंनी घराघरांत जाऊन मोजलं. १२ घरं, त्यातल्या ९ जणांकडे कोंबड्या, आमच्या सोडून ७१ पक्षी. एका घरी दोन कोंबड्या सुस्त निघाल्या, त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यातली एक गेली. बाकीच्यांना परवा लासोटा दिली. डॉक्टरांनीच लस मिळवून दिली. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली आणि पहाटे साडेपाचला, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी, सुरुवात केली. एकाने पक्षी धरायचा, एकाने थेंब टाकायचा, आणि एक कळलं, घाई करून सोडलं तर डोकं झटकतात आणि थेंब उडतो, डोळ्याची उघडझाप होईपर्यंत धरून ठेवावं लागतं. सव्वा तासात काम झालं. फक्त दोन घरांनी नको म्हटलं, त्यांना वाटतं लसीनेच मरतात.

तांबडी अजून आहे. खोल वाटीची युक्ती लागू पडली, आता स्वतः खाते, अर्धं सांडते पण खाते.

प्रश्न आता असा की खुराडं कसं साफ करू? आणि ह्यांचं म्हणणं आहे की गावठी सोडून आता सरकारी पिल्लं आणूया, अंडी जास्त देतात. मला ते पटत नाही पण मला उलट काही सांगता पण येत नाही.

शिवनेरीची_लेक
२९ मार्च

ताई, मी जुन्नरकडची, माझ्याकडे ४० कोंबड्या आहेत आणि अंडी पुण्याला जातात. चार वर्षांपूर्वी मी पण अशीच रिकाम्या खुराड्यापुढे बसले होते.

खुराडं सांगते. आधी सगळं कोरडं खरवडून काढा, विष्ठा, तूस, घरट्यातलं गवत, सगळं जाळा. आधी पाणी मारू नका, नुसता चिखल होतो आणि घाण फटीत जाते. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ब्रश मारून घासा, दांडीची खालची बाजू विसरू नका, तिथेच पिसवा पण बसतात. वाळलं की आत-बाहेर चुना, दोन हात. आणि मग कौलं काढता येत असतील तर आठ-दहा दिवस काढून ठेवा, ऊन आत पडू दे. तुमच्याकडे एप्रिलचं ऊन आहे त्याचा उपयोग करून घ्या, या विषाणूला कडक ऊन सोसत नाही. जमीन मातीची असेल तर वरची चार बोटं माती काढून फेका आणि नवीन मुरूम घाला. पावसाळ्याआधी जमलं तर खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उचलाच, तुमच्याकडचा पाऊस आणि ओली जमीन म्हणजे पिल्लांना रक्ती हगवण ठरलेली.

जाळी बघा कुठली आहे. षटकोनी कोंबडीजाळी असेल तर मुंगूस ती वाकवून आत हात घालतो आणि आतूनच लचके तोडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि खाली फूटभर जमिनीत गाडा.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. बाजारातून चिकन आणता ना, ते धुतलेलं पाणी, आतडी, पिसं परसात फेकू नका. माझ्या कोंबड्यांना रोग तिथूनच आला असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं, कारण मी बाहेरून एक पण पक्षी आणला नव्हता. सिंकचं पाणी आळूच्या वाफ्यात जायचं आणि कोंबड्या दिवसभर तिथंच उकरायच्या. तेव्हापासून चिकन धुतलेलं पाणी मी संडासात ओतते.

नवीन पक्षी आला तर तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याचं दाणापाणी शेवटी द्यायचं आणि हात धुवायचे. पाहुण्यांसाठी आणलेला असेल तर त्याच दिवशी कापा, खुराड्यात एक रात्र सुद्धा नको.

वऱ्हाडी_शेत
३० मार्च

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, सरकारी पिल्लांतली गिरिराजा जात दीडशेच्या आसपास, ग्रामप्रिया जात त्याहून जास्त. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तुम्हाला कोल्हापूर जवळ पडेल, बाकी पुण्यात खडकीला, छत्रपती संभाजीनगरला आणि आमच्याकडे नागपूरला. मी नागपूरहून गिरिराजा आणल्या होत्या. वाढ बघून डोळे निवतात, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ही कोंबडी खुडूक बसत नाही म्हणजे पुढच्या वर्षी परत पिल्लं विकतच आणायची. आणि अंगाने जड, रंग उठून दिसणारा, घार आली की गावठी क्षणात झुडपात शिरते आणि हिला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्या उन्हाळ्यात ४५ डिग्रीला जड कोंबड्याच आधी कोसळल्या, गावठी आंब्याखाली माती उकरून त्यात पोट टेकून बसल्या आणि राहिल्या. मी आता दोन्ही ठेवतो. सरकारी बंदिस्त, विकायच्या अंड्यांसाठी, खाद्य मोजून. गावठी मोकळ्या. तुमच्याकडे चार पक्षी या रोगातून निभावून निघालेत, त्यांची पिल्लं काढल्याशिवाय दुसरं काही आणू नका असं माझं मत.

देवगडकार
३० मार्च

आमच्या वाडीत गेल्या वर्सा अशीच मरी इली, घरात एकव कोंबो रवलो नाय. तेव्हा कोणी सांगणारा नाय होता. ह्या वाचून मी आज आमच्या वाडीतली घरा मोजूक घेतलंय, १७ घरा आसत. आषाढात राखणेक, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवचाराक, कोंबो लागता, तेव्हा सगळे बाजारातसून हाडतत आणि थयसूनच मरी येता. त्याच्या आधी लस होवक होयी. काका, मे महिन्यात पयली दिली तर चालात?

निवृत्त_स्टॉकमन
३० मार्च

देवगडकर, मे कशाला, आत्ताच एप्रिलमध्ये लासोटा द्या म्हणजे मेमध्ये आर-टू-बी होईल आणि आषाढ येईपर्यंत अंगात ताकद तयार होईल. लस दिल्या दिवशी संरक्षण येत नाही, दोन-तीन आठवडे जातात. तुम्ही राखणेचं ओळखलंत ते अगदी बरोबर, शिमग्याचंही तसंच. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या नोंदवहीत पण मर त्याच दिवसांत दिसायची, सणाआधी पक्षी फिरतात आणि त्यांच्याबरोबर रोग फिरतो. गटारीच्या आधीचा बाजार तर सगळ्यात वाईट.

माडाखालच्या ताई, जी दोन घरं नाही म्हणाली त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं कुठून येतं ते मला माहीत आहे. रोग आल्यावर लोक लस आणायला धावतात, आधीच लागण झालेल्या कोंबडीला टोचतात, ती दोन दिवसांनी मरते आणि नाव लसीवर येतं. पुढच्या वेळी ते स्वतः येतील.

माडाखालची
२८ मे

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितेय.

२४ एप्रिलला वाडीत आर-टू-बी झाली. या वेळी मी पण टोचायला शिकले, पंख उचलून कातडी चिमटीत धरायची आणि तिथे सुई घालायची, पहिल्या दोन-तीनला हात थरथरत होता. नाही म्हणालेल्या दोन घरांतल्या एका काकी स्वतःच टोपलीत सात कोंबड्या घेऊन आल्या, पण त्यांची लासोटा झाली नव्हती म्हणून काकांनी सांगितलं होतं ते आठवून मी थेट आर-टू-बी टोचायला नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, मग आठवड्याने डॉक्टरांकडून लासोटा आणून दिली.

खुराडं उचललं. चार सिमेंटच्या खांबांवर दोन फूट, वर जुनीच कौलं, वेल्डमेश तिन्ही बाजूंना. खाली तुसाचा थर घालतोय आणि दर चार दिवसांनी हलवतोय.

आणि मुख्य सांगायचं ते हे. ५ मे ला खुडूक कोंबडीखाली ११ अंडी ठेवली, सगळी २० एप्रिलनंतर घातलेली, आठ दिवसांपेक्षा जुनी एकही नाही. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघितली, दोन पांढरी फटक होती ती काढली, बाकी नऊमध्ये लाल कोळ्यासारख्या शिरा दिसल्या. मग २० व्या दिवशी दुपारी अंडं कानाला लावलं तर आतून टकटक आणि बारीक चिवचिव. २६ ला सकाळी बघते तर कोंबडीच्या पोटाखालून तीन डोकी बाहेर, संध्याकाळपर्यंत आठ निघाली. नववं आतच मेलं होतं. आठांतली तीन थेट सासूबाईंच्या जुन्या कोंबडीसारखी, पाठीवर दोन काळे पट्टे.

तांबडीची मान अजून वाकडीच आहे पण हिंडते, गेल्या आठवड्यात तिने पहिलं अंडं घातलं. छोटंसं होतं. ह्यांनी ते कुणाला खाऊ दिलं नाही, दोन दिवस देवघरात ठेवलं होतं.

पिल्लांना सध्या तांदळाची बारीक कणी, नाचणीचा भरडा आणि वाळवी देतेय. मडक्यात शेण आणि गवत भरून कुंपणाला उपडं घातलं की दुसऱ्या दिवशी खाली वाळवी लागते, ती झटकली की पिल्लं तुटून पडतात. ही युक्ती सासूबाईंची.

आता शंका. काका, सातवा दिवस रविवारी-सोमवारी येतो. वाडीत आणखी दोघांकडे पिल्लं निघालीत, पण त्यांची १० दिवसांची आहेत आणि आणखी एका घरची बुधवारी फुटणार आहेत. सगळ्यांना एकाच बाटलीत बसवायचं तर कुणाला किती मागे-पुढे चालेल? आणि आई कोंबडीपासून पिल्लू उचललं की ती अंगावर येते, रात्री उचलू का?

निवृत्त_स्टॉकमन
२८ मे

ताई, फार बरं वाटलं वाचून.

सोमवारीच करा. दहा दिवसांवालीही त्याच दिवशी घ्या, ती आधीच मागे पडलीत, आणखी थांबवू नका. बुधवारी फुटणारी यात बसणार नाहीत. ती चौथ्या आठवड्याच्या बाटलीत घ्या, म्हणजे तुमच्यांचा दुसरा डोस आणि त्यांचा पहिला एका दिवशी येईल. मधल्या तीन आठवड्यांत त्यांना घराबाहेर चरायला सोडू नका म्हणावं. त्यांच्या आईला लस झाली असेल तर तिच्याकडून अंड्यातून आलेली थोडी ताकद पिल्लांना सुरुवातीचे दिवस पुरते.

पिल्लं पहाटे अंधारातच उचला, रात्री नको, रात्री उचललेलं पिल्लू आईखाली नीट परत शिरत नाही आणि गारठतं. आईवर आधी डालगं झाका, पिल्लं टोपलीत घ्या, थेंब टाकून झाला की एकेक डालग्याखाली सरकवा. आठ पिल्लांना दहा मिनिटं लागतील. बाटली उघडायच्या आधी सगळ्यांची पिल्लं टोपलीत तयार हवीत. आणि सोमवारी पाऊस असला तरी पुढे ढकलू नका, पडवीत बसून करा.

माडाखालची
२८ मे

सोमवारी पहाटे पडवीतच करते. शेजारच्या काकूंना आत्ताच सांगून आले, थर्मास त्यांचा आहे.